ध्रुवावरच्या हवेत पारा किती? सोन्याचा सापळा आणि जगाचा हिशेब

नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात एक निर्णय झाला. दातांत भरायचं पारा मिसळलेलं 'चांदी'चं सिमेंट, म्हणजे डेंटल अमाल्गम, २०३४ पर्यंत जगभरातून हद्दपार करायचं, असं मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी ठरवलं. तुम्ही ही बातमी वाचली असेल, तर बहुधा दातांची बातमी म्हणूनच वाचली असेल.

मला त्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. दात हा या कराराचा एक छोटा कोपरा आहे. मूळ उद्देश आहे हवेत, पाण्यात आणि जमिनीत जाणारा पारा कमी करणं. करार १६ ऑगस्ट २०१७ ला लागू झाला, भारताने जून २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. मग साधा प्रश्न: पारा खरंच कमी होतोय का, हे तपासतं कोण?

देश आपापले अहवाल देतात, ते ठीक. पण ज्याने पेपर लिहिला त्यानेच मार्क द्यायचे, असं करून चालत नाही. म्हणून कराराच्या कलम २२ मध्येच लिहून ठेवलंय की करार उपयोगी पडतोय की नाही हे वेळोवेळी तपासायचं, आणि त्यासाठी पर्यावरणातल्या पाऱ्याची, एकमेकांशी तुलना करता येईल अशी मोजमापं वापरायची. ही मोजमापं घ्यायला सगळ्यात उपयोगी जागा कोणती? जिथे कारखाने नाहीत, वीजकेंद्रं नाहीत, रस्ते नाहीत, अशी. म्हणजे ध्रुवांजवळची.

आज ही मोजणी नक्की कशी होते, ती इतकी अवघड का आहे आणि तिने अलीकडे जगाच्या हिशेबातली कोणती विसंगती उघडी पाडली, ते बघू.

पारा इतक्या लांब जातोच कसा?

पारा हा साध्या तापमानाला द्रव असणारा एकमेव धातू. द्रव असल्यामुळे त्याची वाफ होते. कोळशात तो अगदी थोडा असतो, पण आपण कोळसा लाखो टन जाळतो. सिमेंटच्या भट्ट्या आणि धातू गाळणारे कारखानेही तो हवेत सोडतात. छोट्या प्रमाणावर सोनं काढणारे लोक मातीत पारा मिसळतात, सोनं त्याला चिकटतं, मग तो गोळा तापवून पारा उडवून देतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१८ मध्ये जो जागतिक आढावा दिला, त्यानुसार २०१५ या एका वर्षात माणसाने सुमारे २,२२० टन पारा हवेत सोडला. त्यातला सुमारे ३८ टक्के या छोट्या सोनेखाणींचा होता, आणि सुमारे २१ टक्के वीजकेंद्रांसारख्या ठिकाणी जाळलेल्या कोळशाचा.

हवेत गेलेला पारा मुख्यतः दोन रूपांत असतो. एक साधा, मूळ धातूची वाफ. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, पावसाने सहज खाली येत नाही, आणि काही महिने ते वर्षभर वाऱ्याबरोबर फिरत राहतो. दुसरा ऑक्सिडाइज झालेला, म्हणजे ब्रोमीन किंवा क्लोरीनसारख्या मूलद्रव्याशी जोडला गेलेला. हा चिकट स्वभावाचा. पाण्यात विरघळतो, धुळीला, बर्फाला, नळीच्या भिंतीला चिकटतो आणि लवकर खाली बसतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो तीनदा उपयोगी पडणार आहे.

लांब जातो तो पहिला, साधा पारा. म्हणूनच आर्क्टिकमध्ये स्वतःचे कारखाने नगण्य असूनही तिथे पडणारा माणसाचा पारा जवळपास सगळा बाहेरचा असतो. तिथे पोचल्यावर काही भाग जिवाणूंमुळे मिथाइल-मर्क्युरी होतो आणि छोट्या जिवांकडून माशात, माशाकडून सीलमध्ये, सीलकडून अस्वलात किंवा माणसात, असा दर पायरीला वाढत जातो. आर्क्टिक देशांच्या 'अमॅप' या निरीक्षण कार्यक्रमाचा निष्कर्ष असा की तिथल्या वरच्या साखळीतल्या प्राण्यांमधला पारा गेल्या दीडशे वर्षांत साधारण दहापट झालाय. सील आणि व्हेल हेच ज्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जेवण आहे, त्या इन्युइट लोकांच्या ताटात आपण सगळे मिळून हे वाढतो आहोत. फेरो बेटांवर तर २००८ साली तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी पायलट व्हेलचं मांस खाऊच नका असा सल्ला दिला.

थोडा म्हणजे किती थोडा?

उत्तर गोलार्धातल्या स्वच्छ हवेत पाऱ्याचं प्रमाण साधारण १.५ नॅनोग्रॅम प्रति घनमीटर असतं. दक्षिण गोलार्धात ते १ च्या आसपास, कारण बहुतेक उगम उत्तरेकडे आहेत.

१.५ नॅनोग्रॅम डोळ्यांसमोर आणायला एक हिशेब करू. एक ग्रॅम पारा घ्या, म्हणजे जुन्या थर्मामीटरमध्ये असायचा जवळपास तेवढा. आर्क्टिकच्या हवेतून तेवढा पारा गोळा करायचा तर सुमारे ६७ कोटी घनमीटर हवा गाळावी लागेल. लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही पावणेनऊशे मीटर असलेली हवेची पेटी. आणि यंत्र पाच मिनिटांत ओढतं किती? पाच लिटर. म्हणजे यंत्राच्या हाती लागतात साडेसात पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले साडेसात.

बंद बाटलीत थोडा पारा ठेवला तर २० अंश तापमानाला त्याच्यावरच्या एका मिलिलिटर हवेत सुमारे १३ नॅनोग्रॅम पाऱ्याची वाफ असते. म्हणजे इंजेक्शनच्या सिरिंजमधल्या एका मिलिलिटरमध्ये, आर्क्टिकच्या जवळजवळ नऊ घनमीटर हवेइतका पारा. जवळपास कुठे जुना थर्मामीटर फुटला, तर त्या खोलीतलं पुढचं मोजमाप काही काळ विसरायचं.

सोन्याचा सापळा

घरात थर्मामीटर फुटला आणि बोटातल्या अंगठीला पारा लागला, की सोनं पांढरं पडतं. अनेकांनी हे पाहिलंय. सराफ अशी अंगठी तापवतो, पारा उडतो आणि सोन्याचा रंग परत येतो. (घरी करू नका, ती वाफ विषारी असते.) सोनं पाऱ्याला गारव्यात धरतं आणि उष्णतेत सोडतं. खाणीतला माणूस याच गुणाचा वापर करून पाऱ्याने सोनं पकडतो. शास्त्रज्ञ सोन्याने पारा पकडतात.

ध्रुवीय केंद्रांवर कॅनडातल्या टेक्रान कंपनीचं २५३७ मालिकेतलं यंत्र खूप वापरलं जातं. त्यात शुद्ध सोन्याचे दोन छोटे सापळे असतात. पहिल्यातून पाच मिनिटं हवा जाते, पारा सोन्यावर बसतो. मग तो सापळा झटकन तापवतात आणि त्यातून आर्गॉन वायू सोडतात. सुटलेला पारा आर्गॉनबरोबर एका छोट्या खोलीत जातो. तिथे त्याच्यावर २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश पडतो. पाऱ्याचे अणू नेमका तोच प्रकाश घेतात आणि परत बाहेर टाकतात. हा परत आलेला प्रकाश जितका जास्त, तितका पारा जास्त. तोपर्यंत दुसरा सापळा हवा ओढत असतो, म्हणजे मोजणीत खंड पडत नाही.

आर्गॉनच का, हवा का नाही? कारण हवेतले ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे रेणू पाऱ्याच्या अणूची ऊर्जा मध्येच हिरावून घेतात आणि प्रकाश बाहेर पडतच नाही. त्यामुळे आर्गॉनचे सिलिंडर लागतात. शहरात ते फोनवर मागवता येतात, ध्रुवावर ते विमानाने किंवा जहाजाने न्यावे लागतात. हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडावर हिम साचतं, म्हणून ती गरम ठेवावी लागते. तळाच्या जनरेटरचा किंवा स्नोमोबाइलचा धूर वाऱ्याने यंत्राकडे आला, की तेवढ्या वेळाचे आकडे वेगळे काढावे लागतात. आणि दोन सापळे एकाच हवेचे वेगवेगळे आकडे द्यायला लागले, तर एका सापळ्यातलं सोनं 'थकलं' आहे असं समजून तो बदलावा लागतो. अत्याधुनिक यंत्र असलं तरी रोजचं काम हे असं, पंप आणि नळ्या सांभाळण्याचं.

अलर्टचे शून्याकडे गेलेले आकडे

कॅनडाच्या अगदी उत्तरेच्या टोकाला, ८२.५ अंश अक्षांशावर, अलर्ट नावाचा लष्करी तळ आहे. उत्तर ध्रुव तिथून जेमतेम आठशे किलोमीटर. १९९५ मध्ये तिथे हवेतल्या पाऱ्याची सलग मोजणी सुरू झाली. आर्क्टिकमधली ही सर्वांत लांब नोंद.

तोवरची समजूत अशी की साधा पारा हवेत संथपणे फिरतो, त्याचं प्रमाण फारसं हलत नाही. अलर्टला हिवाळाभर तसंच दिसलं. पण वसंतात, चार-साडेचार महिन्यांच्या अंधारानंतर सूर्य परत आला आणि आकडे कोसळायला लागले. १.५ वरून काही तासांत ०.१ किंवा ०.२ वर. मग परत वर. मग परत खाली.

असा आकडा आला की कुणालाही पहिली शंका यंत्राचीच येईल. पण शेजारीच ओझोन मोजणारं पूर्णपणे वेगळं यंत्र होतं, आणि पारा घसरला की जमिनीलगतचा ओझोनही त्याच वेळी घसरत होता. दोन वेगळी यंत्रं एकाच वेळी एकच चूक करत नाहीत. कॅनडाच्या विल्यम श्रोडर आणि सहकाऱ्यांनी हे १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलं.

कारण सापडलं ते समुद्राच्या बर्फात. खाऱ्या पाण्याचा बर्फ होताना मीठ पृष्ठभागावर येतं, त्यात ब्रोमाइड असतं. वसंतातला प्रकाश पडला की त्यातून क्रियाशील ब्रोमीन सुटतं. ते ओझोन खातं आणि पाऱ्याच्या अणूंनाही जोडलं जातं. म्हणजे साधा पारा चिकट पारा होतो आणि खालच्या बर्फावर बसतो. वर लक्षात ठेवायला सांगितलेला फरक इथे पहिल्यांदा कामाला आला. पुढे जर्मनीच्या न्यूमायर केंद्रावर अंटार्क्टिकाच्या वसंतातही हेच दिसलं.

यातला सगळा पारा बर्फात राहतो असं मात्र नाही. सूर्यप्रकाशच त्यातला बराच भाग पुन्हा साध्या पाऱ्यात बदलतो आणि तो परत उडतो. किती राहिला आणि किती उडाला, यावर पुढची दोन दशकं वाद चालला, कारण त्याचं उत्तर यंत्राच्या एका अशक्त बाजूवर अवलंबून होतं.

चिकट पारा यंत्राला फसवतो

साधा पारा मोजण्यात जग आता चांगलं तयार झालंय. चिकट पाऱ्याचं तसं नाही. एक तर तो नॅनोग्रॅममध्ये नाही, पिकोग्रॅममध्ये असतो. दुसरं, तो नळीच्या आतल्या भिंतीलाच चिकटतो, यंत्रापर्यंत पोचतच नाही. म्हणून तोंडाशीच एक काचेची नळी बसवतात, जिच्यावर आतून पोटॅशियम क्लोराइडचा थर असतो. चिकट पारा त्या थरावर अडकतो, मग नळी तापवून तो मोजायचा.

अनेक वर्षं हीच पद्धत प्रमाण मानली गेली. नंतरच्या चाचण्यांत दिसलं की हवेत ओझोन आणि दमटपणा असेल तर अडकलेला पारा त्या थरावरून सुटून जातो. म्हणजे ही नळी खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते, काही ठिकाणी कित्येक पट कमी. त्यामुळे या पद्धतीचे जुने आकडे वाचताना 'किमान एवढा' असं वाचावं. आता वेगळ्या प्रकारचे पडदे आणि दुहेरी मार्गाची यंत्रं येत आहेत, पण तीस वर्षांची सलग नोंद आहे ती साध्या पाऱ्याची. म्हणून कराराच्या तपासणीसाठी भरवसा ठेवायचा तो तिच्यावर.

आठ टक्क्यांचं कोडं

तिच्यावरही डोळे मिटून नाही. यंत्र प्रकाश मोजतं, त्या प्रकाशाचे नॅनोग्रॅम करायला माप लागतं. ते माप म्हणजे मघाची बाटली. ठरावीक तापमानाला त्यातली थोडी हवा सिरिंजने यंत्रात सोडायची. पण त्या हवेत पारा नक्की किती? तो एका समीकरणातून काढतात, आणि अशी समीकरणं एकाहून अधिक आहेत. एक बेल्जियममधल्या १९८० च्या दशकातल्या प्रयोगांवर आधारलेलं, हवेतला पारा मोजणाऱ्यांच्या जगात रुळलेलं. दुसरं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचं, नंतरचं. खोलीच्या तापमानाला दोन्हींच्या उत्तरांत सुमारे ७ ते ८ टक्के फरक पडतो.

किराणा दुकानातला काटा आठ टक्के चुकीचा असेल तर गिऱ्हाईक भांडेल. इथे चित्र थोडं वेगळं आहे. सगळी केंद्रं कायम तोच काटा वापरत असतील, तर वजन चुकेल, पण वजन वाढतंय की घटतंय हे बरोबर कळेल. धोका आहे तो एखाद्या केंद्राने मधेच समीकरण बदललं आणि नोंद ठेवली नाही तर. मग आकड्यांत आठ टक्क्यांची उडी दिसेल, आणि ती हवेतून आलेली नसेल, कागदावरून आलेली असेल. आता पुढचा आकडा बघा, म्हणजे आठ टक्के किती मोठे आहेत ते कळेल.

कागदावर वाढ, हवेत घट

जगात दरवर्षी किती पारा सोडला जातो याच्या याद्या बनवल्या जातात. इतका कोळसा, त्यात इतका पारा, चिमणीवर अमुक प्रकारची गाळणी, असा गुणाकार. या याद्यांनुसार २००५ नंतर जगाचं उत्सर्जन वाढत होतं. पण उत्तर गोलार्धातल्या केंद्रांची हवा काही वेगळंच सांगत होती. अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००५ ते २०२० या काळात हवेतला पारा सुमारे १० टक्क्यांनी कमी झालेला दिसतो.

म्हणजे वही म्हणते खर्च वाढला आणि गल्ल्यात पैसे जास्त. कुणीतरी चुकतंय. समुद्राने किंवा झाडांनी जास्त पारा शोषला असेल का, हेही त्यांनी तपासलं. सगळ्यात पटणारं उत्तर निघालं ते असं की माणसाचं उत्सर्जनच कमी झालंय, आणि याद्यांना ते दिसलेलं नाही. चिमण्यांवरची नियंत्रणं किंवा पारा असलेल्या वस्तूंची घट, यांचा परिणाम याद्यांत धरलाय त्यापेक्षा मोठा असू शकतो. पण छोट्या सोनेखाणींचा आकडा तर मुळातच अंदाजाचा आहे. तिथे ना मीटर, ना पावती.

माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही बातमी चांगली आहे, पण ती कोणत्याही देशाच्या अहवालातून आली नाही. निर्जन ठिकाणी वर्षानुवर्षं हवा ओढत बसलेल्या यंत्रांनी ती दिली. केंद्रं नसती, तर आज आपण 'करार होऊनही पारा वाढतोच आहे' असं समजून बसलो असतो, आणि त्यावरून चुकीची धोरणं आखली असती.

मग ध्रुवावर घट हळू का?

इथे एक गुंता आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. अलर्टमधली घट मध्य अक्षांशांपेक्षा संथ आहे. स्वालबार्डमधल्या झेपलिन वेधशाळेत तर २००० ते २००९ या पहिल्या दशकात जवळजवळ काहीच घट नव्हती. हवा एकच, मग फरक का?

कारण ध्रुव फक्त आजचा पारा दाखवत नाही, साठलेला जुनाही दाखवतो. उन्हाळ्यात बर्फ वितळतो तेव्हा आर्क्टिकच्या हवेतला पारा वर्षाच्या सरासरीच्याही वर जातो. जर्मन जहाज 'पोलारस्टर्न' २०१९-२० मध्ये वर्षभर बर्फात अडकवून घेऊन मध्य आर्क्टिकमधून वाहत गेलं, त्या मोहिमेतल्या मोजमापांनीही उन्हाळ्यात बर्फ आणि समुद्रातून पारा परत हवेत जातो याला दुजोरा दिला. सैबेरियातल्या लेना, ओब, येनिसेई या नद्या जमिनीतला पारा समुद्रात आणतात. टुंड्रातली झाडंझुडपं साधा पारा थेट हवेतून पानांत घेतात. अलास्कातल्या टूलिक केंद्रावरच्या २०१७ च्या अभ्यासात तिथल्या जमिनीतला सुमारे ७० टक्के पारा या वाटेने आलेला निघाला. ती माती थंडीने गोठलेली आहे तोवर पारा आत बंद. ती वितळू लागली की कुलूप सैल होतं.

म्हणजे एका बाजूला आपण नवा पारा कमी करतोय आणि दुसऱ्या बाजूला तापमानवाढ जुन्या पाऱ्याचं गोदाम उघडतेय. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या तर एक-दोन मोहिमा पुरत नाहीत. दोन्ही ध्रुवांवरच्या आणि मधल्या अक्षांशांवरच्या अखंड नोंदी शेजारी ठेवूनच ते कळतं.

यात आपण कुठे आहोत?

झेपलिन वेधशाळा ज्या गावाच्या डोक्यावर, ४७४ मीटर उंचीवर आहे, ते न्यू-ऑलेसुंद. हे मूळचं कोळसाखाणीचं गाव. १९६२ च्या स्फोटात २१ कामगार गेले आणि खाण बंद पडली. आज तिथे अनेक देशांची संशोधन केंद्रं आहेत, त्यात भारताचं 'हिमाद्री' २००८ पासून आहे. ते गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र चालवतं. अंटार्क्टिकातली 'मैत्री' आणि 'भारती' केंद्रंही तेच सांभाळतं. डिसेंबर २०२३ पासून हिमाद्रीवर हिवाळी मोहिमाही सुरू झाल्या. पाऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची, कारण अंधार संपून वसंत सुरू होतो तो काळ चुकवला तर अर्धी कथा चुकते.

भारतातही तुलनेसाठी केंद्रं हवीत. युरोपच्या पैशावर २०१० ते २०१५ चाललेल्या जागतिक पारा निरीक्षण प्रकल्पात आपल्याकडून कोडाईकनालचं केंद्र होतं. थर्मामीटर कारखान्याच्या पारा-प्रदूषणाने गाजलेलं तेच कोडाईकनाल.

आता दोन ताज्या गोष्टी. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने तीन चतुर्थांशाहून जास्त कोळसा वीजसंचांना एफजीडी, म्हणजे धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्यातून मोकळं केलं. आपल्या कोळशात गंधक कमी, खर्च जास्त, असा त्यामागचा युक्तिवाद. चर्चा गंधकाचीच झाली. पण ही धुलाई जाता जाता पाराही पकडते. कोणता? पाण्यात विरघळणारा, म्हणजे चिकट. इथे तो फरक दुसऱ्यांदा आला. हा पारा ध्रुवावर जाणारच नाही, तो केंद्राच्या आसपासच्या शेतात आणि तलावात उतरेल. म्हणून 'या निर्णयाने आर्क्टिकचं काय होईल' असं विचारण्यापेक्षा विदर्भातल्या किंवा सिंगरौलीतल्या वीजकेंद्राशेजारच्या तळ्यातल्या माशांत पारा किती, हे विचारणं जास्त बरोबर. पाऱ्यासाठी २०१५ च्या नियमांत घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम अशी वेगळी मर्यादा आहे. तिचं मोजमाप चोख होणं आता जास्त गरजेचं झालंय. अमेरिकेतही एप्रिल २०२५ मध्ये अनेक कोळसा केंद्रांना पाऱ्याच्या कडक झालेल्या नियमातून दोन वर्षांची सूट मिळाली, म्हणजे वारं एकाच देशात वाहत नाहीये.

दुसरी गोष्ट सोन्याची. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनं औंसाला ४,००० डॉलरच्या वर गेलं. आपल्याकडे तोळ्याच्या भावाची चर्चा लग्नघरात होते. ॲमेझॉनच्या जंगलात किंवा पश्चिम आफ्रिकेत तीच किंमत आणखी माणसांना नदीकाठी पारा घेऊन उतरवू शकते. तिथून उडणारा पारा साधा, म्हणजे लांब जाणारा. फरक तिसऱ्यांदा आला तो असा. याद्यांत हे वाढलेलं उत्सर्जन कधी आणि कितीसं दिसेल, सांगता येत नाही. हवेत मात्र ते दिसेलच, मोजणारं कुणी असेल तर.

खंड पडला तर?

ते 'असेल तर' गृहीत धरू नका. फेब्रुवारी २०२२ नंतर युक्रेन युद्धामुळे रशियाबरोबरचं आर्क्टिक वैज्ञानिक सहकार्य बरंचसं थांबलं. आर्क्टिकचा जवळपास निम्मा किनारा रशियाचा, आणि पारा वाहून आणणाऱ्या त्या मोठ्या नद्याही तिथल्याच. नेमकी तीच बाजू आता धूसर झालीय. बाकीकडे पैशांची ओढाताण असतेच. नवं केंद्र उघडलं की फीत कापायला पाहुणे येतात. पंचविसाव्या वर्षी पंप बदलायला पैसे मागितले की फाइल फिरत राहते.

कमी खर्चाचा एक उपाय आहे: वीज, पंप, आर्गॉन यातलं काही न लागणारे छोटे नमुना-डबे. हवा आपोआप आत झिरपते, आतल्या गंधक लावलेल्या कार्बनवर पारा बसतो, काही महिन्यांनी डबा प्रयोगशाळेत न्यायचा. याने खूप ठिकाणं झाकता येतात. पण वसंतात चार तासांत पारा शून्याला गेला, हे असा डबा कधीच सांगणार नाही. तो सरासरीच देतो. त्यामुळे डबे हवेत, पण अलर्टसारख्या केंद्रांच्या जोडीला, त्यांच्या बदल्यात नाही.

भारताच्या ध्रुवीय कामाकडेही मी याच नजरेने बघतो. ध्रुवावर झेंडा आणि इमारत असणं चांगलंच, पण पाऱ्याच्या बाबतीत खरी किंमत आहे ती एकच मोजमाप, एकाच पद्धतीने, वीस-तीस वर्षं न तुटता चालवण्याला. त्याची बातमी होत नाही. त्याचं श्रेय घ्यायला सुरू करणारा माणूस बहुधा नोकरीतही नसतो.

पुढच्या वेळी 'अमुक देशाने पाऱ्याचं उत्सर्जन इतक्या टक्क्यांनी घटवलं' अशी बातमी वाचाल, तेव्हा एवढंच बघा: हा आकडा गुणाकारातून आलाय की हवेतून? आणि हवेतून आला असेल, तर ज्या केंद्राने तो दिला ते पुढच्या दहा वर्षांतही चालू राहील, याची सोय कुणी केली आहे का?